चघळण्याचे खेळणे आणि २३ ग्रॅमचा हिशेब

पाळीव कुत्र्याला चावण्यासाठी मुद्दाम दिली जाणारी वस्तू, जिला दुकानांत सरसकट 'चू टॉय' म्हटले जाते, ती खेळणी या सदरात मोडत असली तरी तिचा खरा संबंध कुत्र्याचे दात, जबडा आणि अन्नमार्ग यांच्याशी असतो. त्यामुळे ती निवडताना रंग आणि किंमत पाहण्याआधी ती कोणत्या तोंडात जाणार आहे, हे पाहावे लागते. चघळणे ही कुत्र्याची खोड नसून गरज आहे. पिल्लाचे २८ दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास त्यांच्या जागी ४२ कायमचे दात आलेले असतात. या काळात हिरड्या शिवशिवत असल्याने पिल्लू चपलेपासून टेबलाच्या पायापर्यंत काहीही सोडत नाही, तर प्रौढ कुत्रा कंटाळा आणि अस्वस्थता घालवण्यासाठी चघळतो. म्हणून 'चघळायला काही देऊच नये' हा सल्ला, जो प्रस्तुत लेखिकेला अनेक हितचिंतकांनी न मागता आणि तिच्या घरातील कुत्र्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर दिला, तो निरुपयोगी आहे.

चघळण्याच्या पद्धतीवरून कुत्र्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात. काही कुत्री कुरतडणारी असतात, म्हणजे वस्तू दोन पंजांत धरून तासन्‌तास तिचा कडेचा भाग झिजवतात. काही फाडणारी असतात, ज्यांना आतला कापूस बाहेर काढण्यातच रस असतो. आणि काही गिळणारी असतात, जी दाताखाली सुटलेला तुकडा थुंकण्याऐवजी थेट पोटात धाडतात. जात हा यात केवळ अंदाज असतो, तरी तो अगदीच निराधार नसतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधनात, तपासलेल्या लॅब्राडॉर कुत्र्यांपैकी सुमारे पाव हिश्श्यात भूक आणि तृप्ती यांच्याशी निगडित 'पॉम्क' या जनुकाचा छोटा अंश गळालेला आढळला, आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ अधिक असल्याचेही दिसले. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला जाड वस्तू दाढेपर्यंत नेणेच अवघड जाते, तर गावठी कुत्रा, लॅब्राडॉर आणि मुधोळ हाउंड यांचे जबडे, घाई आणि सवयी इतक्या वेगळ्या असतात की तिघांना एकच खेळणे पुरवण्याचा विचार मुळातच चुकीचा ठरतो.

प्रस्तुत लेखिकेच्या घरातील प्रकरण या विचाराचेच फळ होते. खेळणे चिमीसाठी, म्हणजे अकरा किलो वजनाच्या गावठी कुत्रीसाठी घेतले गेले होते. वेष्टनावर '८ ते १५ किलो' आणि 'अतूट' असे दोन्ही उल्लेख होते. त्याचा तुकडा गिळला मात्र चौतीस किलोच्या लॅब्राडॉरने, बंड्याने. घरात दोन कुत्री आहेत आणि त्यांपैकी एक लॅब्राडॉर आहे, हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला स्पष्टपणे सांगण्यात आले होते, आणि पुढे जे म्हटले गेले ते लक्षात घेता ही नोंद येथे मुद्दाम करण्यात येत आहे.

उलट्या सुरू झाल्यावर 'याने काही गिळले आहे का?' या डॉक्टरांच्या प्रश्नाला लेखिकेने 'नाही' असे उत्तर दिले, कारण खेळणे टोपलीत जागच्या जागी होते. त्याचे एक टोक फक्त खरबरीत दिसत होते. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. रबर, कापड आणि अनेक प्रकारचे प्लास्टिक साध्या एक्स-रेत धातू किंवा हाडासारखे उठून दिसत नाही, ही गोष्ट प्राण्यांच्या डॉक्टरांना ठाऊक असते. पालकांना ती कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बंड्याने पाणीही टाकले तेव्हा, लेखिकेने त्याच दुकानातून तेच खेळणे पुन्हा विकत आणले आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आधी नवे व मग जुने ठेवले. नवे १०४ ग्रॅम भरले आणि जुने ८१. काट्यावरचे ते दोन आकडे पाहताना जे उमगले ते असे, की २३ ग्रॅम रबर घरात कुठेही सांडलेले नव्हते. त्यानंतर सोनोग्राफी झाली, रात्रीच आतडे उघडावे लागले, आणि स्टीलच्या ट्रेमध्ये अंगठ्याएवढा जो लाल तुकडा ठेवला गेला त्यावर खेळण्याची उठावदार नक्षी अजून शाबूत होती.

विक्रेत्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: "मॅडम, बाकी कुणाची कम्प्लेंट नाही. हे स्मॉल साइजचं आहे, मोठ्या कुत्र्याला दिलंच कशाला?" दोन कुत्री एकाच घरात, एकाच पायपुसण्यावर झोपत असताना एकीचे खेळणे दुसऱ्याच्या तोंडात जाणार नाही अशी कोणती व्यवस्था अपेक्षित होती, याचे उत्तर मिळाले नाही. तुलनेसाठी आणलेल्या दुसऱ्या खेळण्याचेही पूर्ण पैसे घेतले गेले होते, हेही नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

या अनुभवातून निघणारा पहिला नियम असा, की एकाहून अधिक कुत्री असलेल्या घरात खेळण्याचा आकार सर्वांत मोठ्या तोंडावरून ठरवावा. खेळणे, किंवा त्यातून सहज सुटणारा भाग, त्या कुत्र्याच्या मागच्या दाढांपलीकडे अखंड जाता कामा नये. दुसरा नियम वजनाचा आहे: नव्या खेळण्याचे वजन करून ते अमिट मार्करने त्याच्यावरच लिहावे आणि दर रविवारी पुन्हा तोलावे. खेळणे धुवून वाळवूनच तोलले जावे, अन्यथा ओलावा फसवतो. घट दिसली आणि तुकडे सापडले नाहीत, तर ते पोटात गेले असे गृहीत धरावे.

कठीणपणाची कसोटी सोपी आहे. कुत्र्याच्या दातावरील कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते माणसाच्या तुलनेत पातळ असते. त्यामुळे हरणाचे शिंग, जनावराचे खूर, टणक नायलॉनचे हाड किंवा खरे हाड चावताना वरच्या जबड्यातील मोठ्या कातर-दाढेचे, म्हणजे मांस कापणाऱ्या दाढेचे, सालपट निघून आतली नस उघडी पडू शकते. अंगठ्याचे नख दाबल्यावर किंचितही खळगा पडत नसेल, किंवा ती वस्तू आपल्या गुडघ्याच्या वाटीवर आपटण्याची कल्पना नकोशी वाटत असेल, तर ती दातांसाठी टणकच समजावी. याक किंवा गाईच्या दुधापासून बनणारी छुर्पीची कांडी याच कारणाने सावधपणे द्यावी, आणि तिचा शेवटचा तुकडा, जो कुत्रा हमखास गिळू पाहतो, काढून घ्यावा. चामड्याच्या आतल्या थरापासून बनवलेले 'चू बोन', ज्याला रॉहाइड म्हणतात, ते ओले झाल्यावर फुगते आणि गिळणाऱ्या कुत्र्याच्या घशात किंवा पोटात अडकते. सुताच्या दोरीचे धागे आतड्यात ताणले जाऊन आतड्याच्या चुण्या पडतात, आणि गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तरी तो घरी ओढू नये. टेनिस बॉलचा खरबरीत लोकरी पृष्ठभाग रोजच्या चावण्याने दात झिजवतो. उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याचे रिकामे कणीस या घरच्याच वस्तू आतड्याचा मार्ग तितक्याच निर्दयपणे बंद करतात.

त्यातल्या त्यात विश्वासार्ह पर्याय म्हणजे लवचिक, जाड, पोकळ रबराचे खेळणे. या प्रकाराचा उगम बोधक आहे: अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून दात खराब करून घेत असे, आणि १९७० च्या दशकात त्याने फोक्सवॅगन गाडीचा एक रबरी भाग आवडीने चघळलेला पाहून त्यांना 'काँग' या खेळण्याची कल्पना सुचली, अर्थात तेथेही आधी कुत्र्याचे निरीक्षण झाले आणि मग खेळणे आले. अशा पोकळीत दही-भात किंवा शिजवलेला भोपळा भरून ते गोठवता येते. पीनट बटर भरायचे असल्यास त्यात झायलिटॉल हा गोडवा नाही ना, हे वाचून घ्यावे, कारण तो कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरवतो आणि यकृतालाही इजा करू शकतो. पोकळ खेळण्याला दोन्ही बाजूंनी भोके असावीत, कारण एकाच भोकात निर्वात पोकळी होऊन जीभ अडकू शकते. पिल्लाला आणि म्हाताऱ्या कुत्र्याला मऊ प्रकार द्यावा. खेळणी स्वच्छ ठेवावीत, लक्ष ठेवावे, फाटकी टाकून द्यावीत. हे सर्वांना ठाऊक असते.

वेष्टनावरील 'अतूट' आणि 'बिनविषारी' या शब्दांना भारतात खेळण्यांच्या सक्तीच्या गुणवत्ता-मानकांचे पाठबळ नाही, कारण १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरता आहे. कुत्र्याचे खेळणे त्याच्या कक्षेबाहेर राहते. म्हणून वेष्टनावर विसंबू नये. तुकडा गेल्याचा संशय येताच, शेजारी सुचवतात तसे मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यातून मिठाची विषबाधा होऊ शकते. उरलेले खेळणे, वेष्टन आणि दोन्ही वजने घेऊन थेट डॉक्टरांकडे जावे.

बंड्या बरा आहे. तुलनेसाठी घेतलेले ते दुसरे खेळणे, वर १०४ हा आकडा लिहिलेले, बिलासह लेखिकेच्या कपाटात आहे, आणि त्याची उरलेली भावंडे त्याच दुकानाच्या त्याच खिळ्यावर 'अतूट' या लेबलासह लटकत आहेत. वाचकांनी आपल्या घरातील खेळणे आजच काट्यावर ठेवावे.