अभ्यासपाठ : विशेष गरजा असलेली मुले आणि शाळेतील मदतनीस



दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी प्रार्थना करताना आपण बहुधा शिक्षकांची आठवण करतो. गंगाखेड तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरील शाळांना भेटी देताना मला दिसले की, असे मूल शाळेत टिकते की नाही हे पुष्कळदा खिचडी शिजवणाऱ्या मावशी, शिपाईमामा किंवा आश्रमशाळेतला कामाठी यांच्यावर ठरते. या पाठात त्यांच्या कामाचा विचार करू.

१. कायदा काय देतो?

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात (२०१६) दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे, त्यांना वयाच्या १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाणही सांगितले : प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक, त्यापुढे १५ मुलांमागे एक. २०२४ मध्ये आपल्या राज्याने विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली, म्हणजे प्रत्येक केंद्राला एक.

पण एका केंद्रात अनेक शाळा येतात. विशेष शिक्षक एका शाळेत रोज येऊ शकत नाहीत. ते नसतात त्या दिवशी मुलाला वर्गापर्यंत कोण नेणार, जेवायला कोण बसवणार, शौचालयात कोण मदत करणार?

२. एक उदाहरण

डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेत सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी तिसरीत आहे. बुद्धीने हुशार, पण पाय साथ देत नाहीत. ती सकाळपासून पाणी पीत नसे, कारण लघवीला जायचे तर न्यायला कोणी नव्हते. दुपारपर्यंत डोके दुखे, मग आजी तिला घरी नेई. हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढेच दिसे. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना हे कळले, तेव्हा त्यांनी दिवसातून दोनदा तिला न्यायचे ठरवले. ग्रामपंचायतीने शौचालयात भिंतीला धरायला दांडी बसवली. आता ती शाळा सुटेपर्यंत थांबते. मावशींना यासाठी वेगळा पैसा मिळत नाही, हेही आपण ध्यानात ठेवावे.

३. मदतनिसांना काय शिकवावे?

जेवण : मुलाला ताठ बसवून, लहान घास देऊन भरवावे. निजवून पाणी पाजू नये, ठसका जिवावर बेतू शकतो.

फिट आल्यास : मुलाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, वेळ पाहावी. तोंडात चमचा घालू नये. नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची जुनी सवय सोडावी. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर लगेच दवाखान्यात न्यावे.

ऐकू कमी येणारे मूल : पाठमोरे राहून हाक मारू नये. समोर येऊन, ओठ दिसतील असे बोलावे.

शौचालय : आधी मुलाला विचारावे. मुलीला स्त्री मदतनीसच असावी आणि कोण नेते हे मुख्याध्यापकांना माहीत असावे. त्यात मुलाची सुरक्षितता आहे आणि मदतनिसाचीही.

सर्वांत महत्त्वाचे : मुलाला जे स्वतः जमते ते त्यालाच करू द्यावे. दप्तर उचलता येत असेल तर उचलू द्यावे, वेळ लागला तरी चालेल.

४. ऊसतोडीचे महिने

आपल्या भागातली अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. दिव्यांग मूल एक तर फडावर जाते, नाही तर थकलेल्या आजी-आजोबांपाशी राहते. हंगामी वसतिगृहाची सोय असेल तिथे त्याचे नाव यावे. मूल पालकांबरोबर जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्डासोबत एक कागद द्यावा : त्याला काय जमते, कोणती मदत लागते, कोणते औषध चालू आहे. नव्या शाळेतल्या मदतनिसाला तोच कागद उपयोगी पडेल.

५. आपण काय करू शकतो?

समग्र शिक्षा योजनेत पात्र मुलांना मदतनीस भत्ता व प्रवास भत्ता आहे. विशेष गरजा असलेल्या मुलींना दरमहा २०० रुपये, वर्षातले १० महिने मिळतात. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि बँक खाते लागते. इथेच अनेक पालक अडतात. त्यांच्यासोबत एकदा परभणीला जाऊन येणे, गटसाधन केंद्रात अर्ज पोहोचला का ते पाहणे, ही सेवा मंडळीतील कोणीही करू शकेल.

कफर्णहूमात पक्षघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले. दाटीमुळे दारातून जाता येईना, म्हणून त्यांनी छप्पर उघडले. शुभवर्तमानात त्या चौघांची नावे दिलेली नाहीत. आपल्या शाळांतल्या मावशी आणि मामाही असेच आहेत. त्यांची नावे आपण विचारून घ्यावीत आणि प्रार्थनेत ती घ्यावीत.

चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या गावच्या शाळेत विशेष गरजा असलेली किती मुले आहेत? त्यांपैकी रोज किती येतात?
२) त्यांना मदत करणाऱ्या व्यक्तीशी आपण शेवटचे कधी बोललो?
३) शाळेतली कोणती एक अडचण, उंबरा असो वा दार, आपण येत्या तीन महिन्यांत दूर करू शकतो?