देश, काल, पात्र

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २०

परतफेडीची आशा न ठेवता योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं दान सात्त्विक, असं भगवंत इथे सांगतात.

मला नांदेड स्टेशन आठवतं. अमृतसरच्या सचखंड एक्सप्रेसमध्ये सुट्टी संपलेले जवान ट्रंक घेऊन चढतात. वाटेत काही स्टेशनांवर शीख सेवेकरी प्रवाशांना लंगर वाढतात. कोण, कुठला, कुणी विचारत नाही. गाडी सुटली की पुन्हा भेट नाही, मग परतफेड कसली?

साडेसतराव्या वर्षी अग्निवीर होता येतं. आपल्या धाकट्या भावाएवढी पोरं ही! १५ ऑगस्टला आपण स्टेटस ठेवतो (ठेवावा की). पण औसा-अहमदपूरकडे त्याच्या आईला दवाखान्यात न्यायचं असतं, तेव्हा तो लडाखला असतो. माझ्या मते श्लोकातला देश म्हणजे ते घर, आणि काल म्हणजे तो दिवस.

घरचा पत्ता माहीत नसेल, तर ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येतो. आणि ओळखीचा कुणी जवान असेल तर पत्र लिहा. नाव, युनिट आणि ‘५६ एपीओ’, गावाचं नाव नसलं तरी पोचतं. उपदेश नको. पाऊस किती झाला, सोयाबीन कसं आलंय, कुणाचं लग्न ठरलं, एवढं कळवा.