मसूर स्थानकावरील मुले : सुट्टीचा एक पाठ

स्मरणिकेसाठी ‘पालक आणि मुलांची सुट्टी’ या विषयावर लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहिले ते शाळेचे फाटक आणि फाटकाशी पत्र्याच्या पेट्यांवर बसलेली मुले. निवासी शाळेतील शिक्षकाला पालक भेटतो तो मुख्यतः या फाटकाशीच. जूनमध्ये मुलाला सोडताना आणि दिवाळीत व उन्हाळ्यात त्याला न्यावयास येताना. या दोन भेटींच्या मधले घर आम्हांस दिसत नाही. ते मुलांच्या बोलण्यातून आणि निबंधांतून जेवढे उमटते, तेवढेच कळते. म्हणून या विषयावर उपदेशपर लेख लिहिण्यापेक्षा, जो पाठ आम्ही दरवर्षी नववीच्या वर्गाला शिकवितो, तोच येथे मांडावा असे ठरविले.

पाठ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनातील पहिल्या आठवणीचा आहे. बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातील हे टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. आठवण बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. मुले बैलगाडीतून निघतात, बरोबर अन्न असते, पण पाणी मिळत नाही आणि रात्र उपाशी जाते. व्याख्यानांतून आणि पाठ्यपुस्तकांतून ही कथा सांगितली जाते ती तहानेपासून. आमच्या मते तेथे पाठाचा अर्धा भाग हातचा निसटतो. ही कथा सुट्टीची आहे, आणि आपल्या मुलांना सुट्टी द्यावी म्हणून धडपडणाऱ्या एका बापाची आहे. प्रारंभ तेथूनच केला पाहिजे.

साल १९०१. कुटुंब साताऱ्यास राहत होते. आई भीमाबाई आधीच वारल्या होत्या. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात तलाव खोदण्याचे काम काढले होते आणि सुभेदार रामजी तेथे खजिनदार म्हणून नोकरीस होते. (मूळ इंग्रजी मजकुरात या गावाचे नाव आधी कोरेगाव व पुढे गोरेगाव असे पडले आहे. विद्यार्थ्यांनी त्याची गल्लत भीमा कोरेगावशी किंवा मुंबईच्या गोरेगावशी करू नये. दरवर्षी कोणीतरी करतेच.) साताऱ्याच्या घरी भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि वारलेल्या थोरल्या बहिणीचे दोन मुलगे अशी चार मुले आत्याच्या देखरेखीखाली होती. आत्याच्याने स्वयंपाक होत नसे. मुले शाळा सांभाळून स्वतःच रांधीत आणि सोपा पडतो म्हणून बहुधा पुलाव करीत. हे वाक्य वाचले की वर्गात हशा पिकतो. वसतिगृहातील मुलांना त्याची गोडी अधिक कळते.

खजिना सोडून रामजींना साताऱ्यास येता येईना. तेव्हा त्यांनी मुलांनाच पत्राने कळविले की, उन्हाळ्याची सुट्टी माझ्याकडे येऊन घालवा. मुलांनी तोवर आगगाडी पाहिलेली नव्हती. तयारीला जोर चढला. विलायती कापडाचे नवे सदरे, झगमगीत टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे घेण्यात आली. प्रवास कसा करावयाचा याचा सारा तपशील वडिलांनी लिहून पाठविला आणि निघण्याचा दिवस कळवा, म्हणजे शिपायाला स्थानकावर पाठवितो, असेही बजावले. थोरल्या भावाने तिकिटे काढली आणि धाकट्यांच्या हातावर खाऊला दोन दोन आणे ठेवले. मुलांनी लगोलग लेमोनेडच्या बाटल्या फोडल्या. आपल्या उधळपट्टीचा तो आरंभ होता, असे बाबासाहेब थट्टेने नमूद करतात.

हे टिपण त्या प्रवासानंतर सुमारे तीन तपांनी लिहिले गेले आहे. मधल्या काळात लेखकाने न्यूयॉर्क, लंडन पाहिले होते, महाडचा सत्याग्रह केला होता, गोलमेज परिषदेत भाषणे केली होती. तरी टोपीची झगमग, धोतराचा काठ आणि दोन आण्यांची बाटली त्याच्या स्मरणातून पुसली गेली नव्हती. दुष्काळी कामावर पोटापाण्यासाठी दूर राहिलेल्या बापाने मुलांना काय दिले, याचा हिशोब मुलाने इतका जपून ठेवला होता.

पुढचा भाग वाचकांस परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. गाडी सायंकाळी पाचच्या सुमारास मसूरला पोहोचली. बाकीचे उतारू पांगले. घ्यावयास कोणी आले नव्हते. पोशाखावरून मुले ब्राह्मणांची असावीत असा स्टेशनमास्तरांचा समज झाला होता. विचारताच लहानग्या भीमरावाने आपण महार असल्याचे सांगून टाकले आणि मास्तरांचा चेहरा पालटला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यावयाचे आणि गाडी मुलांनीच हाकावयाची, गाडीवान बाजूने चालत येईल, या बोलीवर बैलगाडी ठरली. रात्री टोलनाक्यावर पाणी नाकारले गेले. अंगावर दागिने होते, गाडीवानाची खात्री नव्हती, म्हणून मुलांनी आळीपाळीने जागून रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती वडिलांकडे पोहोचली. वडील चकित झाले, कारण मुले येणार असल्याची त्यांना वार्ताच नव्हती. पत्र आले होते, परंतु शिपायाने ते त्यांच्यापर्यंत पोहोचविलेच नव्हते.

या पत्राकडे आपण पुढे वळू. त्याआधी रामजींविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. चरित्रग्रंथांत ते ‘शिस्तप्रिय पिता’ या दोन शब्दांत गुंडाळले जातात.

लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिलेला हा गृहस्थ घरीही शिक्षकच होता. मुंबईस परळच्या चाळीत कुटुंबाला एकच खोली होती. तिच्यात भांडी, सरपण आणि माणसांची दाटी असे. अभ्यासाला जागा आणि शांतता दोन्ही नव्हती. रामजींनी त्यावर युक्ती काढली. मुलाला लवकर निजवावयाचे, स्वतः दोन वाजेपर्यंत जागावयाचे, मग मुलाला उठवून दिव्यापाशी बसवावयाचे आणि त्याने मोकळी केलेली जागा घेऊन आपण झोपावयाचे. पुस्तकांसाठी पैसे नसले की विवाहित मुलींकडे जावयाचे, उसने मागावयाचे, तेही नसले तर एखादा दागिना मागून गहाण ठेवावयाचा आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करावयाचा. धनंजय कीरांच्या चरित्रात हे तपशील आले आहेत. पालकसभेत आम्ही ते सांगतो तेव्हा सभेतल्या बहिणी, आत्या एकमेकींकडे पाहतात. भावाच्या शिक्षणासाठी बहिणीचे डोरले मोडल्याच्या कथा आमच्या वस्त्यांत अद्याप ताज्या आहेत.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी लिहिलेल्या, परंतु पहिल्या आवृत्तीत न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत एका समारंभाची हकिकत आहे. इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल वस्तीतील मंडळींनी सत्काराची सभा योजिली. (कीर हा प्रसंग मॅट्रिकच्या परीक्षेनंतरचा, १९०७चा मानतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही नोंदी ध्यानात ठेवाव्यात.) रामजींनी संमती नाकारली. पोराने परीक्षाच तर दिली आहे, सत्काराने त्याचे डोके फिरेल, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळी केळुसकर गुरुजींकडे गेली. त्यांनी मित्राची समजूत घातली, सभा झाली आणि गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती दिले. पुढे काय घडले ते सांगावयास नको. मुलाच्या कौतुकाला बाप ‘नको’ म्हणतो तेव्हा वस्तीने दुसऱ्या माणसाकडून शब्द टाकावा, हेही या प्रसंगातून शिकण्याजोगे आहे.

त्याच प्रस्तावनेत एक प्रश्नोत्तर आहे. रामजी कबीरपंथी होते. मुलांनी रोज रामायण-महाभारताचा काही भाग वाचावा, असा त्यांचा कटाक्ष असे. मुलाने एके दिवशी विचारले, आपल्याला तुच्छ लेखणाऱ्या या ग्रंथांचे वाचन तुम्ही का करविता? वडिलांनी उत्तर दिले की, आपण अस्पृश्य असल्यामुळे तुमच्या मनात न्यूनगंड येणे साहजिक आहे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही लहान स्थितीतून मोठी झालेली माणसे पाहा, म्हणजे तो जाईल. मुलाचे समाधान झाले नाही. ग्रंथाविषयीचे त्याचे मत त्याने पुढे आयुष्यभर उघडपणे मांडले. परंतु बापाला असा प्रश्न विचारता आला आणि बापाने हात न उगारता कारण दिले, ही गोष्ट आम्हांस उत्तराहून मोलाची वाटते. आपल्यापैकी किती घरांत, २२ प्रतिज्ञांचा फलक भिंतीवर असतानाही, मुलाच्या ‘का?’ला अशी जागा आहे?

१९५६च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरांतील सणांचे वर्ष नव्याने लावावे लागले. आजीच्या पिढीने देव्हारे उतरविले. पण मुलांना नवे कपडे कोणत्या दिवशी घ्यावयाचे, गोड कधी करावयाचे, हा व्यवहाराचा प्रश्न त्या पिढीतील आयांनीच सोडविला. कपडे जयंतीला आणि खीर बुद्धपौर्णिमेला, असे घरोघर ठरत गेले. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात संध्याकाळी ग्रंथवाचन होऊ लागले. आमच्या आईला अक्षरओळख नव्हती. वाचावयाचे काम आमच्याकडे असे. खूण ठेवावयास आम्ही विसरत असू. तेव्हा चुलीपुढून तिचा आवाज येई, ‘काल सुजाताच्या खिरीपाशी थांबला होतास.’ तिने सांगितलेले ठिकाण कधी चुकले नाही. आज १४ एप्रिलची वर्गणी ध्वनिवर्धकांच्या भिंतीवर खर्च होताना आम्ही पाहतो, तेव्हा त्या आवाजाची आठवण होते. असो. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा असते, त्यामुळे वसतिगृहातील मुलांची जयंती बहुधा शाळेतच होते. त्यांच्यासाठी घरची सुट्टी म्हणजे दिवाळीची आणि उन्हाळ्याची.

दिवाळीच्या सुट्टीची अडचण ठाऊक असणारे पालक या स्मरणिकेचे वाचक आहेत. त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी फडावर गेलेली असतात. मुलाला सुट्टी लागते तेव्हा घराला कुलूप असते. काही मुले आजीकडे राहतात, काही फडावर जाऊन कोपीत सुट्टी काढतात. त्यांच्या निबंधांत आम्हांस कोपीचा धूर, पहाटेची थंडी, वाढ्यांचे भारे आणि त्यातच बापाने करून दिलेली उसाची गंडेरी वाचावयास मिळते. रामजींच्या तलावावरील मुक्कामाचा संदर्भ या मुलांना समजावून द्यावा लागत नाही.

अशाच एका दिवाळीची ही गोष्ट आहे आणि तिच्यात चूक आमची आहे. आठवीतील एका मुलाचे वडील फडावरून त्याला न्यावयास यावयाचे होते. आदल्या रात्री त्यांचा दूरध्वनी आला, ‘रात्री गाडी भरायचीये, सकाळची एसटी चुकेल. संध्याकाळी पोचतो. पोराला सांगा.’ आम्ही होय म्हटले, एका चिठोऱ्यावर लिहून घेतले, चिठोरे सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि निरोपसमारंभाच्या गडबडीत विसरलो. मुलगा सकाळी नऊपासून फाटकाशी पेटीवर बसून होता. जेवणाची घंटा झाली तरी उठला नाही. आपण आत गेलो आणि तेवढ्यात वडील येऊन परत गेले तर, अशी त्याला भीती होती. दुपारपर्यंत फाटक रिकामे झाले. शेजारची मुले एकेक करून जाताना त्याने पाहिली. साडेपाचला वडील आले. एक दिवसाचा खाडा पाडून, कपड्यांवर उसाची कूस तशीच घेऊन आले होते. ‘सरांना सांगितलं होतं ना,’ एवढेच ते मुलाला म्हणाले. आम्ही तेथेच उभे होतो.

पुढल्या वर्षी तो मुलगा नववीत आला आणि मसूरचा पाठ सुरू झाला. वाचन संपल्यावर मुले नेहमीप्रमाणे टोलनाकेवाल्याविषयी, गाडीवानाविषयी विचारू लागली. हा उठला आणि म्हणाला, ‘सर, त्या शिपायाने पत्र का दिलं नाही?’

वीस वर्षांच्या अध्यापनात हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही स्वतःला विचारला नव्हता. जातीची भिंत सरकारने, शास्त्राने, स्टेशनमास्तराने उभारलेली होती. तिच्याशी लढणे हा आमचा इतिहास आहे. पण त्या रात्री मुले त्या भिंतीपुढे एकटी उभी राहिली ती पत्र न पोहोचल्यामुळे. बापाने शब्द दिला होता, तयारी केली होती, नवी टोपी घेतली होती. मधल्या एका माणसाच्या हातून ते सारे गळाले. आम्ही वर्गाला गेल्या दिवाळीची हकिकत सांगितली आणि त्या मुलाची क्षमा मागितली. तो खाली पाहत राहिला. मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘मग शिपायाला सुभेदारांनी काय केलं?’ आम्ही म्हणालो, लेखात तेवढे नाही. ‘तुम्हाला हेडसरांनी काय केलं?’ यावर मात्र सारा वर्ग हसला आणि तो मुलगाही हसला.

रामजींच्या जीवनातील अखेरचा प्रवास आम्ही त्या दिवशी पाठाला जोडला, तेव्हापासून जोडीत आलो आहोत. १९१३च्या आरंभी बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर होते. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईस निघालेला मुलगा वाटेत सुरतेस उतरला, कारण वडिलांसाठी मिठाई घ्यावयाची होती. तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी तो घरी पोहोचला तेव्हा वडील शेवटच्या घटका मोजीत होते. मुलाला पाहून त्यांनी क्षीण हात त्याच्या पाठीवरून फिरविला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. दोन आण्यांच्या बाटलीची परतफेड करण्यास निघालेल्या मुलाचीही वेळ चुकली, असे आम्ही मुलांना सांगतो. पुष्कळशी मुले त्या दिवशी संध्याकाळी घरी दूरध्वनी लावण्यासाठी रांगेत असतात.

त्या वर्षापासून कार्यालयात एक निरोपवही आहे. पालकाचा निरोप आला की तो वेळ घालून त्याच्याच शब्दांत लिहावयाचा, मुलाला वाचून दाखवावयाचा आणि मुलाची सही घ्यावयाची, असा नियम आहे. पालकांना विनंती आहे की निरोप देऊन झाल्यावर ‘सही झाली का?’ असे निःसंकोच विचारावे. आम्हांस राग येत नाही. वहीत नोंदी लहान असतात. ‘आई बुधवारी येते, स्वेटर आणते.’ ‘दादाचे लग्न ठरले, सुट्टी मागून ठेव.’ मागील दिवाळीच्या पानावर पहिली नोंद अशी आहे : ‘सकाळी १०.१५. वडील रात्री येतील. फाटकावर थांबू नको, जेवून घे.’ खाली मुलाची सही आहे आणि सहीपुढे त्याने आपण होऊन लिहिले आहे, ‘जेवलो.’