जुना संगणक दुरुस्त करावा कीं नवा घ्यावा ?

साखर कारखान्याच्या बिलाचा ताळा घेणें, मजुरांचा हजेरीपट ठेवणें, सातबाऱ्याचा उतारा काढणें, अनुदानाचा अर्ज भरणें इत्यादि कामांसाठीं आठ-दहा वर्षांपूर्वीं घेतलेला मेजावरील संगणक आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं किंवा त्यांच्या सोसायटीच्या कचेरींत असेल. तो मंद चालूं लागला म्हणजे मालकास दोन प्रकारचे सल्ले मिळतात. विक्रेता म्हणतो, "हा मोडींत काढून नवा घ्या", दुरुस्ती करणारा म्हणतो, "एक भाग बदला, नव्यासारखा चालेल." दोघांचेंहि म्हणणें प्रसंगविशेषीं खरें असतें, पण दोघांचाहि आपापल्या सल्ल्यांत लाभ असतो, हें विसरूं नये. विहिरीवरील पंप पाणी कमी देऊं लागला असतां शहाणा शेतकरी एकदम नवा पंप आणीत नाहीं; फूटव्हॉल्व्ह गळतो काय, विजेचा दाब पुरेसा आहे काय, विहिरीचें पाणीच खालीं गेलें आहे काय, हें तो आधीं पाहतो. संगणकाची परीक्षाहि अशीच पायरीपायरीनें करावयाची असते. ती कशी करावी, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

१. आधीं दप्तराची सोय

कोणताहि स्क्रू सोडविण्यापूर्वीं संगणकांतील हिशेब, खरेदीखतांच्या प्रती व पत्रव्यवहार ह्यांची नक्कल दोन ठिकाणीं करून ठेवावी. यंत्र बाजारांत पुन्हा मिळतें. पांच वर्षांच्या उचल-वसुलीचा हिशेब मिळत नाहीं. एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या घरीं ठेवावी. दुसरी इंटरनेटवरील साठ्यांत किंवा अन्य संगणकांत असावी. नक्कल झाल्यावर ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल आणि उगवणीची परीक्षा न केलेलें बियाणें ह्यांचा भरंवसा सारखाच होय.

मराठींतून दप्तर ठेवणारांनीं आणखी एक काळजी घ्यावी. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या टंकांत लिहिलेले सभेचे ठराव, तो टंक नसलेल्या यंत्रावर, निरर्थक चिन्हांच्या रूपानें दिसतात. जुनें यंत्र चालत आहे तोंवर असे कागद युनिकोडमध्यें उतरून घ्यावे व त्यांच्या पी.डी.एफ. प्रती काढून ठेवाव्या. तसेंच, पावत्या छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ज्या रुंद पॅरलल जोडणीवर चालतो, ती जोडणी नव्या संगणकास बहुधा नसते. तो प्रिंटर नव्यास जोडतां येईल किंवा नाहीं, ह्याची खात्री पैसे देण्यापूर्वीं करावी.

२. अडतें कोठें ?

संगणकाच्या वयावरून निर्णय करूं नये. त्याचें कोणतें काम कशामुळें अडतें, तें शोधावें. विंडोज प्रणालींत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत प्रोसेसर, रॅम व डिस्क ह्यांवर किती भार आहे, तो शेंकडेवारीनें दिसतो. नेहमींचें काम चालू ठेवून हे आंकडे पंधरा मिनिटें पाहावे.

डिस्कचा आंकडा १०० वर जाऊन तेथेंच खिळून राहत असेल आणि प्रोसेसर बव्हंशीं रिकामा असेल, तर अडथळा डिस्कचा होय. रॅमचा आंकडा ९० च्या आसपास असेल, तर रॅम अपुरी आहे. रॅम अपुरी पडली कीं संगणक डिस्कचाच आधार घेऊं लागतो. म्हणून हे दोन आंकडे नेहमीं एकत्र वाचावे. साध्या पत्रलेखनांतहि प्रोसेसरचा आंकडा सतत १०० वर राहत असेल, तर प्रथम एखादा अनोळखी प्रोग्राम किंवा व्हायरस आंत शिरला आहे काय, तें पाहावें. तसें नसेल, तर प्रोसेसरच अशक्त ठरतो. डिस्कमधून खट्खट् असा आवाज येत असेल, तर परीक्षा थांबवून आधीं नक्कल घ्यावी.

३. थोडक्या खर्चांत होणारी सुधारणा

पहिली गोष्ट धुळीची. कोंडा, माती व चुलीचा धूर ह्यांचा थर पंख्यावर बसला कीं प्रोसेसर तापतो आणि स्वतःच्या रक्षणार्थ आपली गति कमी करतो. वीज पूर्णपणें तोडून, पंखा हातानें धरून, मऊ कुंचल्यानें व ब्लोअरनें धूळ काढावी. प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट नवी लावून घ्यावी.

दुसरी गोष्ट बटनसेलची. मदरबोर्डवर सी.आर. २०३२ नांवाचा ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला म्हणजे संगणकाचें घड्याळ मागें पडतें, आणि तारीख चुकीची असल्यामुळें बँकेचीं व सरकारी संकेतस्थळें उघडत नाहींत. मालकास वाटतें, संगणक गेला. वस्तुतः सेल संपलेला असतो. वीज किंचित् हलतांच संगणक बंद पडत असेल, तर यू.पी.एस.ची बॅटरी तपासावी. ती साधारणतः ३ ते ५ वर्षें टिकते.

तिसरी गोष्ट डिस्कची, आणि हीच सर्वांत गुणकारी. जुन्या हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, व एकेक मजकूर शोधण्यास तिला सेकंदाचा सुमारें शंभरावा भाग लागतो. एस.एस.डी.मध्यें फिरणारा भागच नसतो. तिचा शोध ह्याच्या सुमारें शंभरपट लवकर होतो. साटा जोडणीची एस.एस.डी. जुन्या डिस्कच्याच जागीं बसते, आणि पुढें नवा संगणक घेतला तर बहुधा त्यालाहि उपयोगी पडते.

चौथी गोष्ट रॅमची. ४ जी.बी.च्या ८ जी.बी. केल्यानें हिशेब व इंटरनेट हीं दोन्ही कामें बरोबर चालतात. पण डी.डी.आर. ३, ४ व ५ ह्या रॅम एकमेकींच्या खांचेंत बसत नाहींत. म्हणून जुनी पट्टी दुकानांत नेऊन तशीच मागावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर फार चढले. तेव्हां मागील वर्षाच्या भावावर विसंबूं नये. शिवाय डी.डी.आर. ३ वर केलेला खर्च नव्या यंत्रांत नेतां येत नाहीं.

४. दुरुस्ती कोठें थांबवावी

प्रोसेसर फार जुना असेल, तर नव्या जातीचा प्रोसेसर त्या मदरबोर्डवर बसत नाहीं. मदरबोर्ड बदलला तर रॅम बदलावी लागते, आणि कित्येकदां पॉवर सप्लायहि. इतकें झाल्यावर जुनी उरते ती केवळ पेटी. अशा दुरुस्तीस दुरुस्ती म्हणूं नये.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची आहे, व ती डोळ्यांस दिसत नसल्यामुळें अधिक घातक आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ह्याचा अर्थ संगणक बंद पडतो असा नाहीं. नव्यानें सांपडणारीं छिद्रें बुजविलीं जात नाहींत, असा आहे. घरगुती ग्राहकांसाठीं वाढीव सुधारणांची जी सवलत तेव्हां जाहीर झाली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी दिलेली होती. विंडोज ११ साठीं टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-व्यवस्था, सिक्युअर बूटची सोय, निदान ४ जी.बी. रॅम व ६४ जी.बी. साठा लागतो, आणि इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील असावा लागतो. ही पिढी २०१७ सालीं बाजारांत आली. आपलें यंत्र ह्यांत बसतें काय, हें मायक्रोसॉफ्टच्या पी.सी. हेल्थ चेक ह्या प्रोग्रामनें कळतें. न बसल्यास एस.एस.डी. घालून तें वेगवान् होईल. पण पात्र होणार नाहीं.

अशा यंत्राचे तीन मार्ग आहेत. इंटरनेट तोडून तें केवळ जमाखर्चास ठेवावें. मात्र परका पेनड्राइव्ह त्यास लावूं नये. किंवा लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालावी. तींत मराठी लेखन व इंटरनेट चांगलें चालतें, परंतु आपली हिशेबाची प्रणाली व डिजिटल सहीची किल्ली तींत चालते काय, तें आधीं पाहावें. हे दोन्ही मार्ग सोयीचे नसतील, तर बदलणें हाच तिसरा मार्ग. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार किंवा सभासदांचीं खातीं आहेत, तें आधार संपलेल्या प्रणालीवर इंटरनेटला जोडून ठेवणें म्हणजे कुलुपावांचून तिजोरी ठेवणें होय.

५. खर्चाचा हिशेब

एकूण किंमत पाहूं नये, दरसाल किती पडते तें पाहावें. समजा, एस.एस.डी., रॅम व मजुरी मिळून ६,००० रुपये लागले आणि संगणक आणखी ३ वर्षें चालला; वर्षास २,००० रुपये पडले. नवा ४२,००० रुपयांस घेऊन ७ वर्षें चालला, तर वर्षास ६,००० रुपये पडले. येथें दुरुस्ती निःसंशय बरी. परंतु तोच जुना संगणक सुरक्षिततेमुळें एका वर्षांत काढावा लागणार असेल, तर दुरुस्तीहि वर्षास ६,००० रुपयांस पडते, आणि शिवाय त्याच्या इतर भागांचा भरंवसा नाहीं. तेथें नवा घेणेंच योग्य.

विजेच्या बचतीचा मुद्दा विक्रेते पुढें करतात. जुना १०० वॅट व नवा ४० वॅट घेतो असें धरून, रोज ५ तासप्रमाणें ३०० दिवसांत ९० युनिटें वांचतात. युनिटास ८ रुपये धरले तरी ही बचत वर्षास ७२० रुपयेच होते. तेवढ्यासाठीं ४२,००० रुपये गुंतविण्यांत अर्थ नाहीं.

नव्याची ऐपत नसेल, तर आठव्या किंवा पुढील पिढीचा, कचेरींतून निघालेला वापरलेला संगणक हा मधला मार्ग आहे. मात्र तो विंडोज ११ चालवून दाखविल्यावरच घ्यावा. जुना देतांना त्यांतील डिस्क काढून ठेवावी किंवा तिच्यावरील मजकूर पूर्णपणें पुसावा. उरलेलें यंत्र उकिरड्यावर टाकूं नये किंवा जाळूं नये. २०२२ च्या ई-कचरा नियमांखालीं नोंदलेल्या केंद्राकडे तें द्यावें.

सारांश, नक्कल घ्यावी, अडथळा शोधावा, विंडोज ११ ची पात्रता पाहावी आणि मग दरसाल खर्च मांडावा. यंत्र पात्र असेल व अडथळा डिस्कचा किंवा रॅमचा असेल, तर दुरुस्ती करावी. पात्र नसेल व त्यावर पैशांचे व्यवहार चालत असतील, तर जुन्यावर आणखी पैसा न घालतां तें बदलावें.