खेळ, खर्च आणि अभ्यास

प्रास्ताविक

‘खेळायचे की शिकायचे?’ हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. गोल्फसारख्या खर्चिक खेळाच्या आधारे या पाठात आपण त्याचा विचार करू.

पाठ

बेंगळुरू येथील गोल्फ क्लब १८७६ साली स्थापन झाला. याच शहरात १९९८ मध्ये अदिती अशोक यांचा जन्म झाला. घरी कोणीही गोल्फ खेळत नव्हते. पाचव्या वर्षी त्यांना या खेळाची गोडी लागली, तेव्हा आईवडिलांनीही त्यांच्यासोबत तो शिकून घेतला. २०१६ च्या आरंभी त्या व्यावसायिक खेळाडू झाल्या आणि त्याच वर्षी त्यांनी शालेय शिक्षणही पूर्ण केले. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांचे कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले.

दुसरा मार्ग विद्यापीठाचा आहे. जीव मिल्खा सिंग अमेरिकेतील टेक्सास राज्यात शिकले. १९९३ मध्ये त्यांनी तेथील विद्यापीठांच्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत वैयक्तिक विजेतेपद मिळवले.

अशा पुरुष संघात आठ-दहा विद्यार्थी असले, तरी स्पर्धेत सहसा पाचच उतरतात. त्यांपैकी सर्वांत कमी फटक्यांत फेरी पूर्ण करणाऱ्या चौघांचीच बेरीज धरली जाते. म्हणजे संघात नाव असूनही खेळण्याची संधी प्रत्येक वेळी नव्याने मिळवावी लागते.

पैशाचेही तसेच आहे. पहिल्या श्रेणीतील पुरुष संघाला अनेक वर्षे एकूण साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढीच मदत देता येत असे. ती अनेकांत विभागली जाई. उरलेला भार कुटुंबावर पडे. २०२५ पासून नवी व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांवर शिष्यवृत्त्यांऐवजी खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. पुरुष गोल्फसाठी ती नऊ आहे. मदत वाढू शकते. जागा मात्र मोजक्याच.

अभ्यासातून सूट मात्र कोणालाही नाही. किमान गुण न मिळाल्यास उत्तम खेळाडूही अपात्र ठरतो. सत्र चालू असताना सक्तीचा सराव आठवड्याला वीस तासांपुरताच ठेवण्याचा नियम आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मनगटाला दुखापत झाली, तर खेळ थांबतो. मिळवलेले शिक्षण मात्र सोबत राहते. शाळेची वाट काही काळ सुटली असली, तरी ती पुन्हा धरता येते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहेच.

पाठगत प्रश्न

१. संघात निवड होऊनही खेळाडूला संधी का मिळत नाही?
२. शिष्यवृत्ती विभागली गेल्यास कुटुंबावर कोणता परिणाम होतो?
३. तुमच्या कामाची आणि अभ्यासाची सांगड तुम्ही कशी घालता, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.