नाव एकोणीसचं, काम आठचं

गाळप हंगाम संपला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात शाफ्टांची रांग लागते: पंपाचे, कन्व्हेयरचे, गिअरबॉक्सचे. निम्मी गिऱ्हाइकं तुटका तुकडा टेबलावर ठेवून एकच सांगतात, "मागचा ईएन-८ होता. यंदा ईएन-१९ टाका, कटकट मिटवा." एवढ्यानं कटकट मिटत नाही. का, ते लिहितो.

१. दोन्ही पोलादांत कार्बन जवळपास सारखाच, ०.४० टक्क्यांच्या आसपास. ईएन-१९ मध्ये वर एक टक्क्याच्या आगेमागे क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम. अमेरिकन ४१४० किंवा युरोपातलं ४२सीआरएमओ४ म्हणजे जवळपास हाच माल. ईएनचे क्रमांक ब्रिटिशांच्या महायुद्धकाळातल्या मानकातले. त्यांनी ते केव्हाच बदलले, आमचं मात्र त्यांच्यावाचून पान हलत नाही.

२. पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून झटकन थंड केल्यावर, पोलाद किती कडक होणार हे कार्बन ठरवतो. तो कडकपणा किती खोल उतरणार हे क्रोम-मॉली ठरवतं. जादा पैसे आपण मोजतो ते या खोलीचे. जुन्या ब्रिटिश मानकात ७०० ते ८५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ही ताकद ईएन-८ साठी जेमतेम १९ मिमी जाडीपर्यंत धरली आहे, ईएन-१९ साठी २५० मिमीपर्यंत. म्हणजे बोटाएवढ्या पिनेला ईएन-१९ घेणं ही चैन, आणि शंभर मिमीच्या शाफ्टला ईएन-८ घेऊन "हार्डनिंग करून द्या" म्हणणं ही स्वतःची समजूत. कातडी कडक होईल, गाभा तसाच राहील.

३. सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि ती कुणी मुद्दाम करतो असंही नाही. बाजारातून ॲनील केलेला, म्हणजे मऊ ईएन-१९ येतो, लेथवर लोण्यासारखा कापला जातो, टर्नर खूश, आणि तसाच मशीनला चढतो. हार्डनिंग-टेम्परिंग झालेलंच नाही! असा शाफ्ट नावाला एकोणीस, कामाला आठ. म्हणून ऑर्डरीत नुसता ग्रेड लिहू नका, कडकपणाही लिहा. २८ ते ३२ रॉकवेल सी असेल तर कार्बाइड इन्सर्टनं आरामात मशीनिंग होतं आणि ताकदही मिळते. ब्रिनेलचा आकडा हातात असेल तर त्याला ३.४ नं गुणा, ताणशक्तीचा ढोबळ अंदाज येतो.

४. शाफ्ट तुटत नाही, नुसता वाकून थरथरतो, अशी तक्रार असेल तर ग्रेड बदलून काडीचा फरक पडणार नाही. लवचिकतेचा गुणांक साध्या पोलादाचा आणि ईएन-२४ सारख्या ताकदवान मिश्र पोलादाचा जवळपास एकच. व्यास वाढवा. ५० चा ६० केलात तर तेवढ्याच भाराला वाक निम्म्यावर येतो.

५. तुटका तुकडा भंगारात टाकण्याआधी उजेडात धरा. मला तर सर्टिफिकेटपेक्षा तो जास्त सांगतो. बहुतेक वेळा एका बाजूला गुळगुळीत भाग दिसतो, त्यावर एकामागे एक वक्र रेषा. त्या उलट्या मागे नेल्या की बोट की-वेच्या कोपऱ्यावर किंवा पायरीच्या मुळाशी येऊन थांबतं. चीर तिथे जन्मली. उरलेला खडबडीत भाग शेवटच्या झटक्यात तुटलेला. तो भाग लहान असेल तर भार फार नव्हताच. चीर सावकाश सरकत आली होती. दोष धारदार कोपऱ्याचा, आणि शिक्षा पोलादाला! पायरीच्या मुळाशी नीट रेडियस ठेवा, टूलचे ओरखडे पॉलिश करा. पोलाद जितकं ताकदवान, तितकं अशा खाचेला नाजूक, त्यामुळे ग्रेड वाढवून कोपरा तसाच ठेवलात तर पैसे वाया.

६. बारच्या रंगवलेल्या टोकाकडून कधी कापू नका. रंग गेला की रॅकवरचे ईएन-८ आणि ईएन-१९ डोळ्यांनी ओळखता येत नाहीत.

७. ईएन-१९ ला तेलातच थंड करायचं. पाण्यात टाकला तर कोपऱ्याला तडा जाण्याची भीती. आणि लगेच टेम्परिंग. "उद्या करू" म्हणून रात्रभर ठेवलेला कडक जॉब सकाळी तडकलेला सापडू शकतो.

८. वेल्डिंगनं शाफ्ट भरून घेण्याचा मोह सीझनमध्ये सगळ्यांनाच होतो. भरायचाच असेल तर दोन-तीनशे अंशांपर्यंत आधी तापवा, ओव्हनमध्ये वाळवलेले लो-हायड्रोजन रॉड वापरा, नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निववा. थंड शाफ्टवर साध्या रॉडनं मारलेलं वेल्डिंग त्या दिवशी छान दिसतं. चीर दुसऱ्या दिवशीही येते, म्हणून क्रॅक टेस्टिंग किमान एक रात्र सोडून करायला सांगा.