हे तीसच का, एवढं विचार

अगं, काल फोनवर हळू आवाजात म्हणालीस ना, "ताई, पॅच तीनदा वाचला, चूक काही दिसत नाही, ओके देऊन टाकू?" तेव्हाच बोलायचं होतं, पण घरात पाहुणे होते. आज शुक्रवार, इथे आखातात सुट्टी. हे हामूर मासा आणायला रुवैसच्या जेटीवर गेलेत. तर ऐक.

पॅच पंधरा वर्षं ड्रायव्हर लिहिणाऱ्या माणसाचा, आणि तू टीममध्ये नवी. विचारलं तर आपलंच अज्ञान उघडं पडेल, हीच भीती ना? मीही तशीच एकदा ओके देऊन मोकळी झाले होते. घरी कुणाला सांगितलेलं नाही.

तोही नेटवर्क स्विचचाच ड्रायव्हर होता, हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंगचा. चिपमधला काउंटर 32 बिटांचा, 125 मेगाहर्ट्झवर चालणारा, म्हणजे 8 नॅनोसेकंदांना एक टिक. 34.36 सेकंदांत तो भरून पुन्हा शून्यावर येतो. म्हणून ड्रायव्हरने तो अधूनमधून वाचून पुढचा हिशेब स्वतःकडे ठेवायचा. पॅचमध्ये हे वाचन दर 30 सेकंदांनी होतं. चौतिसाच्या आत आहे, म्हटलं, चालेल.

नाही चाललं. इथल्या जेटीच्या भिंतीवर पाण्याची पातळी दिसते. नुसती पातळी बघून भरती चाललीय की ओहोटी, सांगता येत नाही. आधी कधी पाहिलं होतं ते माहीत लागतं. काउंटरचंही तेच. लिनक्सचा टाइमकाउंटर शेवटच्या वाचनापासून अर्ध्या फेरीच्या आतला टाइमस्टॅम्प पुढचा धरतो आणि त्यापलीकडचा मागचा. अर्धी फेरी म्हणजे 17.18 सेकंद. वाचनानंतर विसाव्या सेकंदाला टिपलेली वेळ त्याच्या लेखी चौदा सेकंद आधीची! मार्व्हलच्या स्विचचा लिनक्समधला ड्रायव्हर मुळात 16 सेकंदांनी वाचायचा, तो काय हौस म्हणून?

आणि लॅबमध्ये सगळ्या टेस्ट पास, बरं का. तिथे आमचा बॉक्स स्लेव्ह होता, दुसऱ्याच्या घड्याळामागे चालणारा. घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल, पीटीपी, दर सेकंदाला घड्याळ थोडं थोडं सावरत होता, आणि सावरताना काउंटर आपोआप वाचला जात होता. साइटवर तोच बॉक्स मास्टर झाला. आता घड्याळाला हात लावणारं कुणी नाही. सिंक मेसेजची वेळ मध्येच बरोब्बर 34.36 सेकंद मागे जायची, मग पुन्हा ठीक. लॉगमध्ये तो आकडा पाहिला आणि एसीत बसून मला घाम फुटला. चूक लिहिणाऱ्याची होती, पण खाली ओके माझं होतं.

तेव्हापासून डिफमध्ये काय आहे त्याच्याआधी मी बघते, हे घड्याळ अजून कोण कोण वाचतं, आणि ते सगळे गप्प बसले तर काय.

आता तुझ्याकडच्या पॅचमध्ये पाठवलेल्या पॅकेटची एक प्रत टाइमस्टॅम्पची वाट बघत ठेवलीय म्हणालीस. टाइमस्टॅम्प आलाच नाही तर ती प्रत कोण सोडवतं? तेवढ्यात त्याच पोर्टवरून दुसरं पीटीपी पॅकेट निघालं तर? चिपमध्ये पोर्टमागे एकच जागा असेल, तर एकाची वेळ दुसऱ्याच्या गळ्यात पडते. सिक्वेन्स आयडी ताडून बघतात का, ते शोध. आणि हो, एमडीआयओवरून रजिस्टर वाचताना मध्ये झोपावं लागतं. स्पिनलॉक धरून झोपता येत नाही, म्हणून वर कुठे तो धरलेला नाही ना, बघून ठेव.

लिहिताना "सर, हे चुकलंय" असं लिहू नकोस, आणि "मला नीट कळलं नाही, सॉरी" असंही नको. ही सॉरीची सवय आपल्याला आईकडून लागलीय. सरळ लिही: टाइमस्टॅम्प आला नाही तर ही प्रत कुठे मोकळी होते? तीन प्रश्न, तीन ओळी. भला माणूस असेल तर उत्तर देईल, नाहीतर पॅच बदलून आणेल. कुरकुरला तर स्क्रीनशॉट मला पाठव.

तुझे साडेदहा म्हणजे माझे आठ. तोवर हामूर तळून झालेला असेल. तेव्हा फोन कर, आणि पॅच उघडून बस.